धुराडे बसवले, झाडायचे कोणी?

चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात गॅसची शेगडी आली म्हणून चूल विझलेली नाही. सकाळचा चहा गॅसवर होतो, पण अंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर किंवा न्हाणीतल्या बंबात तापते. तांदळाच्या भाकऱ्या, लग्नाकार्याचे मोठे टोप, सिलिंडर लांबला तर सगळा स्वयंपाक, हे लाकडावरच चालते. जळणही हाताशी असते. माडाच्या झावळ्या, सोडणे, करवंट्या, चिकूच्या वाडीतल्या छाटलेल्या फांद्या, किनाऱ्यावर वाऱ्याने पडलेल्या सुरूच्या काटक्या. ज्या घरी चुलीला धुराडे बसवलेले आहे, त्या घराला वाटते की धुराचा प्रश्न मिटला. प्रत्यक्षात डोळ्यांसमोरचा धूर गेलेला असतो, आणि त्याचा एक हिस्सा नळीच्या आत, नजरेआड, साचत राहिलेला असतो.

बंब वापरणाऱ्यांना हा थर चांगला ठाऊक आहे. तांब्याच्या बंबाच्या मधोमध जी उभी नळी असते, ती वर्षभर वापरल्यावर आतून बघावी. वरच्या तोंडाशी मऊ काळी भुकटी असते, बोट लावले की निघते. थोडे खाली गेले की कुरकुरीत, चमकदार पापुद्रे लागतात, ते खरवडावे लागतात. आणि जिथे धूर सर्वांत थंड झालेला असतो तिथे, म्हणजे लांब धुराड्याच्या वरच्या टोकाला किंवा वळणात, डांबरासारखा गुळगुळीत लेप बसलेला असतो. त्याला उग्र, जळकट वास येतो. नखाने तो निघत नाही, ब्रशनेही निघत नाही. भुकटी, पापुद्रे आणि लेप या एकाच मालाच्या तीन अवस्था आहेत. शास्त्रज्ञ त्याला क्रिओसोट म्हणतात. आपल्याकडे सगळ्यालाच काजळी म्हणतात, आणि तिथेच गफलत होते. काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बनची पूड. क्रिओसोट हे न जळालेले इंधन आहे. काजळीने हात काळे होतात, क्रिओसोटने घर पेटू शकते.

हे न जळालेले इंधन येते कुठून? लाकूड सरळ जळत नाही. आच लागली की आधी त्यातले पाणी उडते. मग साधारण 200 ते 500 अंश सेल्सिअसच्या दरम्यान लाकडाचे घटक फुटू लागतात. आधी हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज, आणि या सगळ्या पट्ट्यात सावकाश लिग्निन. त्यांच्यापासून वायू आणि वाफा निघतात. आपल्याला दिसणारी पिवळी ज्योत ही या वायूंचीच असते. चुलीत पुरेशी हवा आणि पुरेशी धग असेल तर ते तिथेच जळून जातात आणि धुराड्यातून जवळपास निर्धूर गरम हवा बाहेर पडते. हवा किंवा धग कमी पडली की ते अर्धवट जळलेले, नाही तर अजिबात न जळलेले, वर निघतात. डोळ्यांना झोंबणारा पांढरट धूर तो हाच. लिग्निन फुटून तयार झालेले फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल यांच्या जातीचे पदार्थ त्यात असतात, शिवाय आम्ले, डांबरी कण आणि भरपूर वाफ. नळीच्या आतल्या बाजूचे तापमान साधारण 120 अंशांच्या खाली गेले की हे पदार्थ भिंतीवर दवासारखे जमू लागतात. पुढच्या वेळी चूल पेटली की तो ओलावा भाजून घट्ट होतो आणि त्यावर नवा थर चढतो.

म्हणजे हा थर साचायला तीन गोष्टी लागतात: धुमसणारी आग, दमट जळण आणि थंड नळी. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या तिन्ही एकत्र येतात.

ओल्या लाकडाचा हिशेब मांडून बघा. ताज्या तोडलेल्या फांदीत वजनाच्या जवळपास निम्मे पाणीच असते. अशा एक किलो लाकडात जळणारा माल अर्धा किलो. त्यातून साधारण 9 मेगाज्यूल उष्णता निघते, आणि उरलेले अर्धा लिटर पाणी तापवून वाफ करण्यात सव्वा मेगाज्यूलहून जास्त उष्णता खर्ची पडते. सातवा हिस्सा गेला, एवढ्यावर कोणी घाबरणार नाही. खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. हे पाणी उडेपर्यंत चुलीच्या पोटातले तापमान चढतच नाही, त्यामुळे लाकडातून निघालेले वायू पेट घेत नाहीत आणि सगळे नळीत जातात. वर वाफेने नळीही ओली केलेली असते. सुरूचे लाकूड ओले असतानाही पेट घेते, म्हणून ते चांगले जळण मानले जाते, आणि ते चांगले आहेही. पण पेट घेणे आणि पूर्ण जळणे या दोन गोष्टी आहेत. ओला सुरू जळताना दिसतो, आणि त्याच वेळी धुराडे भरत असतो. चिकूच्या चिकाळ फांद्या छाटल्या छाटल्या चुलीत घातल्या तर तेच होते. काही लोक विशिष्ट झाडाला दोष देतात. अमुक लाकूड काजळी धरते असे म्हणतात. लाकडाच्या जातीने फरक पडतो, पण ओलाव्याने पडतो तेवढा नाही.

समुद्रकाठच्या घराला आणखी दोन अडचणी. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा धुराड्याच्या तोंडावर आदळतो आणि धूर उलटा घरात लोटतो. मग माणसे काय करतात? तोंड अर्धे झाकतात, नाही तर नळीला वळण देतात. दोन्हींमुळे धूर रेंगाळतो, थंड होतो, आणि वळणात थर साचतो. दुसरी अडचण खाऱ्या हवेची. पत्र्याची नळी बाहेरून मिठाने आणि आतून धुरातल्या आम्लांनी खाल्ली जाते. दोन-चार पावसाळ्यांत तिला भोके पडतात, भोकातून थंड हवा शिरते, धूर आणखी थंड होतो. वरून पावसाचे पाणी आत गेले की तेच क्रिओसोट विरघळून भिंतीवरून तपकिरी-काळ्या ओघळांनी उतरते. चुना कितीही वेळा फासा, ते डाग पुन्हा वर येतात. भिंतीवर असे ओघळ दिसले तर रंगाऱ्याला बोलवू नये, आधी धुराडे उघडावे.

नळी अरुंद झाल्याने काय होते, तेही आकड्यांत सांगतो. सुधारित चुलींना बसवलेल्या नळ्या बहुधा तीन ते चार इंचांच्या असतात. 75 मिलिमीटर व्यासाच्या नळीत चहूबाजूंनी एक सेंटिमीटर थर बसला तर मोकळी वाट 55 मिलिमीटर उरते. क्षेत्रफळ काढले तर जवळपास निम्मी वाट बंद. चूल धूर ओढेनाशी होते, बाई फुंकणी घेऊन बसते, आणि शेवटी कंटाळून धुराड्याची चूल सोडून बाहेर तीन दगड मांडते.

असे लाखो घरांत झाले आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू होते. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम 1934 पासून सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते. गावातल्या बाईचे डोळे धुराने जाऊ नयेत म्हणून तिथे मातीची, धुराडे असलेली चूल तयार झाली. तिला मगन चूल म्हणत. 1947 च्या सुमारास तिची माहिती पुस्तिकेतून गावोगावी पोचवायला सुरुवात झाली. पुढे 1950 च्या दशकात हैदराबादला डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघराचा आराखडा मांडला. चुलीपासून खिडकीपर्यंत सगळ्या स्वयंपाकघराचा विचार त्यांनी केला होता. डिसेंबर 1983 मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि 2002 पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आरती या संस्थेने कुंभारांना आणि बचत गटांना साचे देऊन लक्ष्मी चुलीसारखे नमुने बनवायला शिकवले. मातीची दोन तोंडांची चूल, मागच्या वैलापलीकडे धुराडे. आराखडा चांगलाच होता.

बिघडले ते नंतर. सरकारी हिशेबात किती चुली बसल्या याची मोजणी झाली. किती नळ्या पुढच्या वर्षी साफ झाल्या, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. अनुदान चुलीला होते, ब्रशला नव्हते. याचा सर्वांत सविस्तर पुरावा ओडिशातून आला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या खेड्यांत धुराड्याच्या चुली बसवल्या गेल्यानंतर त्या घरांचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातून जाणारा धूर घटला. त्यानंतर हा फायदा नाहीसा झाला, कारण चुलींची डागडुजी आणि सफाई झाली नाही आणि त्यांचा वापरही कमी होत गेला. डुफ्लो यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या अभ्यासाचा धडा मात्र आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत अजून पोचलेला नाही. मला यात बायकांचा आळस दिसत नाही. कौलावर चढून नळी काढायची, ती झाडायची, पुन्हा बसवून मातीने लिंपायची, हे काम त्यांच्यावर टाकताना साधन दिले नाही, शिकवले नाही आणि घरातल्या पुरुषांनी ते आपले मानले नाही.

पण क्रिओसोट हा शत्रूच आहे असे समजण्याआधी पूर्वेकडे, रेल्वेच्या पलीकडे बघू. गंजाड, कासा, तलासरी, जव्हारकडची जुनी वारली घरे कुडाची. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा गिलावा, गवताचे किंवा पानांचे छप्पर. धुराडे नाही, खिडकीही नाही. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर जातो, आणि जाता जाता वासे, बांबू, गवत, सगळे काळे चकचकीत करून जातो. त्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. पुढच्या पेरणीचे बियाणे, मक्याची कणसे चुलीच्या वर टांगून ठेवायची रीत त्यातूनच आली. धुराने किडा लागत नाही. यामागचे रसायन तेच, फिनॉल आणि क्रेसॉल. जर्मन रसायनज्ञ कार्ल रायशेनबाख यांनी 1832 मध्ये बीच वृक्षाच्या लाकडी डांबरातून क्रिओसोट वेगळे काढले, ते या टिकवण्याच्या गुणासाठीच गाजले. ग्वायकॉल खोकल्याच्या औषधांतही गेले. मग 1838 मध्ये जॉन बेथेल यांनी इंग्लंडमध्ये कोळशाच्या डांबरातून निघणारे तेल दाबाने लाकडात मुरवायचे पेटंट घेतले. त्या तेलालाही क्रिओसोट हेच नाव मिळाले, जरी ते लाकडाच्या क्रिओसोटहून वेगळे आणि जास्त विषारी असते. जगभरचे लाकडी स्लीपर आणि तारांचे खांब त्याने टिकले, आणि भारतीय रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात असे स्लीपर विलायतेतून बोटीने येत.

हे सांगण्यामागे कारण आहे. इथल्या चुलीत हे लाकूड खरोखर येते. जुन्या होडीच्या फळ्या, ज्यांवर डांबराचे आणि रंगाचे थर आहेत. रुळाकडेचे जुने स्लीपर. कारखान्यांकडून मिळणाऱ्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या. भरतीने आणून टाकलेले खारे लाकूड. फुकट मिळते आणि छान पेटते. या कशाचाही उपयोग चुलीत करू नये. डांबर पाजलेले लाकूड म्हणजे नळीत तयार क्रिओसोट ओतण्यासारखे. खाऱ्या लाकडातले मीठ जळताना नळी कुरतडते आणि त्यातून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. खोक्यात आधी कोणते रसायन होते, ते आपल्याला कोणी सांगणार नाही.

वारली घरातला धूर बियाणे राखतो, पण त्याच घरातल्या बाईची फुप्फुसे तो राखत नाही. काजळीचे आणि माणसाच्या शरीराचे नाते वैद्यकाला फार आधी कळले. लंडनमध्ये घरांची धुराडी साफ करायला लहान मुलांना आत चढवत. 1775 मध्ये शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी दाखवले की या मुलांना मोठेपणी अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण कातडीच्या घड्यांत अडकलेली काजळी. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, हे सांगणारी ही पहिली मोठी नोंद. तरी मुलांना धुराड्यात पाठवणे थांबायला 1875 चा कायदा यावा लागला, मध्ये शंभर वर्षे गेली. 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचे डांबर लावून कर्करोग उत्पन्न करून दाखवला, आणि 1933 मध्ये त्या डांबरातला बेंझोपायरीन हा गुन्हेगार वेगळा सापडला. काजळी आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग करते याचा पुरेसा पुरावा असलेली. घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगात अंदाजे 32 लाख मृत्यू झाले, असे हीच संघटना सांगते.

हा वर्षानुवर्षांचा धोका. एका रात्रीत होणारे धोके दोन. पहिला, धुराड्यातली आग. थर जाड झालेला असताना कोणी एकदम मोठा जाळ केला, झावळ्यांचा भारा किंवा सोडणांचा ढीग घातला, तर ज्योत नळीत शिरते आणि थर पेटतो. नळीतून घोंघावण्याचा मोठा आवाज येतो, नळी लाल होऊ लागते, वरून ठिणग्या उडतात. आतले तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. आपल्या घरांत ही नळी कौलांखालच्या सागाच्या रिपा-वाशांना खेटून जाते, शेजारी झावळ्यांचा मांडव असतो. अशा वेळी आधी माणसे बाहेर काढावीत, 101 किंवा 112 ला फोन करावा, आणि शक्य असेल तर चुलीतल्या जाळावर माती किंवा राख टाकून चुलीचे तोंड बंद करावे, म्हणजे नळीला हवा मिळणार नाही. तापलेल्या नळीत पाणी ओतू नये. सिमेंटची किंवा खापरी नळी तडकन फुटते, आणि उसळलेली वाफ ओतणाऱ्यालाच भाजते. आग विझली असे वाटले तरी माळ्यावर आणि वाशांवर काही तास नजर ठेवावी. या पट्ट्याला बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतले अग्निशमन केंद्र आहे. गाडी यायला वेळ लागतो, म्हणून फोन सर्वांत आधी.

दुसरा धोका आवाज न करता येतो. नळी तुंबलेली, न्हाणीचे दार लावलेले, आत बंबात निखारे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि माणूस तिथेच पडतो. न्हाणीत बंब असेल तर वरच्या बाजूला कायम उघडा राहणारा झरोका हवाच, थंडीचे दिवस असले तरी.

आता उपाय. पहिला लाकडाचा, आणि त्यावर मी सर्वांत जास्त भर देईन, कारण फुकटात होणारे ते एकच काम आहे. वरोर, धाकटी डहाणू, दांडीच्या बायका बोंबील कसे सुकवतात, ते आपण पाहतोच: जमिनीवर ढीग न लावता, वलांडीवर एकेक टांगून, चारही बाजूंनी वारा खेळेल असे, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आत घरात. जळणाला हीच रीत लावावी. दिवाळीपासून होळीपर्यंत जमवलेले लाकूड लगेच चिरून घ्यावे, कारण साल असलेल्या अखंड ओंडक्यातून ओलावा फार सावकाश निघतो. जमिनीपासून हातभर उंच, दोन बांबूंवर, आडवे-उभे रचावे. वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले जळण आतून घामेजते. पहिल्या पावसाआधी ते पडवीत किंवा चुलीजवळच्या माळ्यावर जावे. वाळलेले लाकूड ओळखायला यंत्र नको. टोकाला भेगा पडलेल्या असतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात. ओले तुकडे भदभद आवाज करतात. ओलावा वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या खाली आला की जळण तयार.

पेटवतानाही थोडे सांभाळावे. लहान, कोरडा, चांगला भडकलेला जाळ धुराडे स्वच्छ ठेवतो. रात्रभर पाणी कोमट राहावे म्हणून ओंडका सारून हवा कोंडून ठेवणे, ही धुराड्याला सर्वांत घातक सवय. बंब सकाळी ताज्या जाळाने तापवावा.

नळी शक्यतो सरळ असावी आणि घराच्या आतून वर जावी, कारण घरातल्या उबेने ती गरम राहते. कौलांच्या आढ्याच्या वर दोन-तीन फूट निघावी, म्हणजे वारा धूर खाली दाबणार नाही. वर टोपी हवी, पण बाजू मोकळ्या असलेली. जिथे नळी छपरातून जाते तिथे लाकडापासून वीतभर अंतर ठेवून पत्रा आणि मातीने भरावे. पूर्वीच्या योजनांतल्या बऱ्याच नळ्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या आहेत. त्या कोरड्या घासू नयेत, कापू नयेत, फोडू नयेत. त्यांचे तंतू श्वासात गेले तर तो वेगळा आणि गंभीर आजार आहे. तशी नळी जुनी झाली असेल तर भिजवून, अखंड उतरवून बाजूला करावी आणि भाजलेल्या मातीची किंवा स्टेनलेस स्टीलची बसवावी. खाऱ्या हवेत साधा पत्रा टिकत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

सफाई वर्षातून दोनदा व्हावी: एकदा पावसाळ्यानंतर नवरात्राच्या आसपास, एकदा आगोटीच्या आधी. रोज लाकडावर स्वयंपाक होत असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी. चूल आदल्या दिवसापासून थंड ठेवावी. नाकातोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हात झाकलेले. चुलीची तोंडे ओल्या गोणपाटाने बंद करावीत, म्हणजे काजळी घरभर उडणार नाही. नळीच्या मापाचा तारेचा ब्रश मिळाला तर उत्तम. नाही तर काथ्याचा घट्ट बोळा बांबूच्या टोकाला बांधून वरून खाली, पुन्हा पुन्हा. आधी नळीत टॉर्च मारून गांधीलमाश्यांचे घरटे नाही ना ते बघावे. पावसाळ्यात बंद राहिलेल्या नळीत ते हमखास असते. निघालेला माल विहिरीजवळ, भाजीच्या वाफ्यात टाकू नये. चुलीतली राख झाडांना चालते, धुराड्यातला डांबरी चुरा चालत नाही. तो खड्ड्यात पुरावा. हे काम मुलांवर सोपवू नये. लंडनची शंभर वर्षे त्यासाठीच आठवावीत.

काचेसारखा लेप बसला असेल तर ब्रशने भागत नाही. काही जण मूठभर मीठ जाळात टाकतात, काही मुद्दाम मोठा जाळ करून थर जाळून टाकायला बघतात. मिठाने धातूची नळी सडते, आणि थर जाळणे म्हणजे आपल्याच हाताने छपराला आग दाखवणे. लेप झालेली नळी बदलावी. तीन-चार इंची नळीची किंमत छपरापेक्षा कमीच असते.

गॅसच्या शेगडीवर बसवलेल्या विजेच्या चिमणीत जो चिकटा धरतो, तो फोडणीच्या तेलाचा. तोही पेटतो आणि त्याची जाळीही वरचेवर धुवावी लागते, पण तो गरम पाणी आणि साबणाने निघतो. दोन्हींचा गोंधळ करू नये.

यापेक्षा मोठ्या धुराड्यांचा प्रश्न आता न्यायालयापर्यंत गेला आहे. लाकडावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसरे स्वच्छ इंधन वापरायला लागावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. बहुधा आज ना उद्या ही दिशा जिल्ह्यांतल्या पावाच्या भट्ट्यांनाही धरावी लागेल, आणि ती योग्यच आहे. घरातही शेवटी लाकूड जाऊन गॅस किंवा वीज यावी, हेच खरे उत्तर. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली, जोडण्या घरोघरी गेल्या. पण सिलिंडर भरून आणायचे पैसे दर वेळी मोजावे लागतात आणि झावळी परसात पडलेली असते. तोवर चूल पेटणार आहे, आणि चूल पेटणार असेल तर धुराडे झाडले गेले पाहिजे.

ग्रामपंचायतीला आणि बचत गटांना यात एक काम सहज करता येण्यासारखे आहे. प्रत्येक पाड्याला, आळीला मापाचे दोन ब्रश, एक लांब बांबू, मास्क आणि चष्म्यांचा एक संच ठेवावा, आणि आगोटीच्या आधीच्या पंधरवड्यात तो घरोघरी फिरवावा. खर्च एका पथदिव्याइतकाही येणार नाही. आणि तुमच्या घरी चूल किंवा बंब असेल, तर पुढच्या वेळी तो थंड असताना धुराड्यात टॉर्च मारून बघा. खरवडून थर तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड लागला, तर नळी साफ होईपर्यंत त्या चुलीत जाळ करू नका.